मोरवडची आरती

तळोदा तालुक्यातल्या मोरवड गावी 1937 च्या सुमारास एका भिल्ल साधुपुरुषाभोवती माणसे जमू लागली. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात होते. 1998 पासून तो भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. सरकारी कागदांत या साधूंचे नाव ‘गुला महाराज’ असे पडले, लोकांच्या तोंडी ते ‘गुलाम महाराज’. पाड्यापाड्यांतून हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला येत आणि काही साधे नेम घेऊन परत जात. दारू सोडायची, रोज आंघोळ करायची, घरदार स्वच्छ ठेवायचे, चोरी आणि भांडण करायचे नाही, आणि एकमेकांना भेटल्यावर ‘आप की जय’ म्हणायचे. 1938 साली महाराज वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी पंथ पुढे चालवला. मोरवडला माणसे जमू लागण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, डिसेंबर 1936 मध्ये, पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले होते. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष, ठराव, मंडप, भाषणे असा सगळा तपशील आज हाताशी आहे. मोरवडला आरतीत नेमके काय म्हटले जात होते हे मात्र इतक्या सहज सापडत नाही. दोन्ही ठिकाणी माणसे हजारोंनी जमली होती, दोन्ही ठिकाणी नव्या आयुष्याची भाषा होती. एकाचे दप्तर झाले, दुसऱ्याचे झाले नाही. असे का होते, आणि दप्तर नसलेल्या पंथाचा शोध घ्यायचा कसा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मोरवडबद्दल लिहिले गेलेच नाही असे नाही. प्रश्न लिहिणाऱ्याच्या खात्याचा आहे. 1878 च्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात गावोगावची दारूभट्टी बंद करून गाळप ठेकेदारांच्या हाती दिले. तेव्हापासून मोहाचे फूल हा सरकारी उत्पन्नाचा विषय झाला आणि आदिवासी दारू पितो की सोडतो हे जिल्ह्याच्या हिशेबात दिसू लागले. पुढे 1935 च्या कायद्याखाली तळोदा, नवापूर, अक्राणी, नंदुरबार हा भाग आणि पूर्व खानदेशातले सातपुड्याचे राखीव जंगल ‘अंशतः वगळलेल्या क्षेत्रां’त धरले गेले. या क्षेत्रांची पाहणी करायला सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला नेमले होते, आणि भिल्लांचे कर्ज, वेठ आणि सालदारी यांवरचा त्याचा अहवाल आजही मोलाचा आहे. पण अशा कागदांना दोनच गोष्टी विचारायच्या असतात: शांतता टिकेल का, आणि वसुलीचे काय होईल. जमावाची भीतीही जुनी होती. 17 नोव्हेंबर 1913 रोजी राजस्थान-गुजरात सीमेवरच्या मानगढ टेकडीवर गोविंद गुरूंच्या भिल्ल अनुयायांवर गोळीबार झाला होता, आणि तिथेही मूळ उपदेश दारू सोडण्याचा, धुनी पेटवून भजन करण्याचाच होता. भिल्लांचा मेळा म्हटला की अधिकाऱ्याच्या लेखणीला आधी बंडाचा वास येई. देव त्या कागदात शेवटी येतो, आलाच तर.

ही अडचण एकट्या खानदेशाची नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कोरियात जेवढे नवे पंथ निघाले तेवढे आशियात क्वचितच कुठे निघाले असतील, आणि त्यांतल्या अल्पपरिचित पंथांवर काम करणारा अभ्यासक याच दारात अडतो. कोरियावर 1910 ते 1945 जपानची सत्ता होती. त्या सत्तेने शिंतो, बौद्ध आणि ख्रिस्ती एवढेच धर्म मानले. बाकी सगळ्यांना ‘सदृश धर्म’, म्हणजे धर्मासारखे दिसणारे काहीतरी, असे नाव दिले आणि त्यांची देखरेख पोलिसांकडे सोपवली. 1935 साली मुरायामा चिजुन या अभ्यासकाने जपानी गव्हर्नर-जनरलच्या कचेरीसाठी या पंथांवर जाडजूड ग्रंथ तयार केला. किती पंथ आजही त्याच ग्रंथातल्या नोंदींमुळे माहीत आहेत! म्हणजे ज्या सत्तेने त्यांना धर्म मानले नाही, तिच्याच कपाटात त्यांची जन्मपत्रिका राहिली. बोछन्ग्यो नावाच्या पंथाचे उदाहरण घ्या. त्याचे प्रमुख छा ग्योंग-सोक यांच्या अनुयायांची संख्या साठ लाख असल्याचे सांगितले जाई, आणि कोरियाची लोकसंख्या तेव्हा दोन कोटींच्या आसपास होती. हा आकडा जसाच्या तसा कोणी मान्य करणार नाही. पण पोलिसांचा आकडाही तराजूत घालून पाहावा लागतो, कारण पोलिसांना पंथ लहान आणि फसवा दाखवायचा होता. 1936 मध्ये छा वारले, पंथावर बडगा आला आणि त्यांचे भव्य सभागृह मोडून विकले गेले. त्याच लाकडातून सोल शहरातल्या जोग्येसा या बौद्ध मंदिराचे मुख्य सभागृह उभे राहिले. आज तिथे जाणारा प्रवासी बौद्ध वास्तू पाहतो. खांब मात्र दुसऱ्या देवाचे आहेत.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्या भाषेत ‘मानभावी’ हा शब्द वरून सोज्ज्वळ आणि आतून कपटी माणसासाठी वापरला जातो. हा महानुभावांच्या विरोधकांनी दिलेला निकाल आहे, आणि आपण तो शतकानुशतके खटल्याची कागदपत्रे न पाहता वापरत आलो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा हा पंथ नवा होता. जळगाव जिल्ह्यातल्या भडगाव तालुक्यातले कनाशी हे आजही त्या पंथाचे मानाचे ठिकाण आहे. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीची किल्ली शोधली, पोथ्या बाहेर आल्या, आणि ज्यांची भाषेने टिंगल केली त्यांच्याच घरात ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ठेवा सापडला. ते राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. विरोधकाच्या तोंडून ऐकलेला पंथ आणि त्याच्या स्वतःच्या पोथीतून दिसणारा पंथ यांत किती अंतर असते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरीकडे शोधायला नको. फरक एवढाच की महानुभावांकडे पोथ्या होत्या. मोरवडला आलेल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते, आणि ते जी भिल्ली बोलत तिला शाळेत आणि कचेरीत जागा नव्हती. ज्या धर्माची पोथी नाही त्याची किल्ली कुठे शोधायची?

माझे म्हणणे असे आहे की ती त्याच्या नेमांत शोधावी. मोठ्या, जुन्या धर्मांचा अभ्यास आपण देवापासून आणि ग्रंथापासून सुरू करतो, आणि ते त्यांना शोभतेही. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले; तिथे वेदान्ताचा अभ्यास ग्रंथ समोर ठेवूनच होऊ शकत होता. पण नव्या, लहान, अक्षरओळख नसलेल्या पंथाची श्रद्धा त्याने काय सोडले आणि काय धरले यात साठवलेली असते. आणि विरोधकाचा कागद नेमका इथेच कामाला येतो, कारण आबकारीचा कारकून देवाबद्दल चूक लिहील, दुकानाबद्दल सहसा नाही. त्याने ज्या हेतूने नोंद केली तो हेतू बाजूला ठेवून ती नोंद वाचायची. सातपुड्यातल्या भिल्लांच्या आयुष्यात मोहाची दारू हे नुसते व्यसन नव्हते. जन्म, लग्न, मरण, होळी, देवमोगरा मातेची यात्रा, कोणतेही कार्य दारूची धार टाकल्याशिवाय पुरे होत नसे. देवाला द्यायची ती वस्तू, पाहुण्याला द्यायची ती वस्तू, भांडण मिटल्याची खूण तीच. अशा समाजात ‘दारू सोडा’ हे वाक्य आरोग्याच्या फलकावरचे वाक्य राहत नाही. देवाशी, पितरांशी आणि शेजाऱ्याशी असलेला जुना व्यवहार थांबवून नवा व्यवहार सुरू करण्याची ती आज्ञा असते. आबकारी अधिकाऱ्याला त्यात घटलेली वसुली दिसली, सुधारकाला संयम दिसला. जे झाले ते धर्मांतराइतके खोल होते, फक्त त्याला धर्मांतर म्हणावे असे कोणाला सुचले नाही.

दुसरा नेम मला याहून मोलाचा वाटतो, आणि तो दोन अक्षरांत मावतो: ‘आप’. खानदेशात सालदाराचा करार आखाजीला होतो. वर्षभर तो मालकाच्या शेतावर राबतो, उचल घेतो, आणि फिटली नाही तर पुढची आखाजीही त्याच दारात उगवते. त्या काळी या सालदाराला मालकाच्या घरातले शेंबडे पोरही ‘अरे-तुरे’ करी. भिल्लाला ‘तुम्ही’ म्हणण्याची पद्धत गावगाड्यात नव्हती. अशा माणसाने भेटणाऱ्या प्रत्येकाला, स्वतःसारख्याच फाटक्या माणसाला, ‘आप’ म्हणून जय म्हणणे ही केवढी उलथापालथ आहे! शब्द हिंदी आहे, आणि तो बाहेरचा आहे यातच त्याची ताकद आहे. अहिराणीत आणि मराठीत आदराची जागा आधीच वाटली गेलेली होती. कोरियात याच वाटेने गेलेली माणसे भेटतात. 1860 मध्ये च्वे जे-ऊ यांनी ‘दोंगहाक’ हा पंथ सुरू केला, आणि त्यांनी घरातल्या दोन दासींना मुक्त करून एकीला सून, दुसरीला मुलगी मानल्याचे पंथात सांगितले जाते. 1864 मध्ये सरकारने त्यांचा शिरच्छेद केला. त्यांचे उत्तराधिकारी च्वे शी-ह्यंग यांची शिकवण होती की माणसाशी वागताना समोर स्वर्ग आहे असे वागावे. त्यांनाही 1898 मध्ये मृत्युदंड झाला. कोरियन भाषेत आदराच्या पायऱ्या मराठीहून कितीतरी जास्त आणि काटेकोर आहेत. याच पंथाच्या पुढच्या पिढीने, म्हणजे छोन्दोग्योच्या बांग जोंग-ह्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला लहान मुलांशीही आदरार्थी बोला असा आग्रह धरला आणि बालदिन सुरू केला. संबोधन बदलणे हे या पंथांचे तत्त्वज्ञान होते. त्यासाठी वेगळा ग्रंथ लागला नाही. प्रत्येक भेट हाच पाठ होता.

यावर पहिला आक्षेप येईल तो समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून. आंघोळ, स्वच्छता, दारूबंदी, आरती ही सगळी वरच्या जातींची राहणी आहे, भिल्लांनी तिची नक्कल केली, एम. एन. श्रीनिवास यांनी जिला संस्कृतीकरण म्हटले तीच ही प्रक्रिया, यात नवे काय? घुर्ये यांनी 1943 मध्येच आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हणून या चर्चेचा शेवट करून टाकला होता. आक्षेपात तथ्य आहे. आरती हा शब्दच कुठून आला ते उघड आहे. पण नक्कल करणारा सहसा वरच्याकडे पाहून करतो आणि खालच्यापासून दूर सरकतो. त्याला ब्राह्मण पुरोहित हवा असतो, जानवे हवे असते, शेजारच्या जातीहून वरची पंगत हवी असते. मोरवडला पुढारपण भिल्लाकडेच राहिले, एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे गेले, आणि आदराचा शब्द वर पोचवला गेला नाही, आपसांत वाटला गेला. उसनी घेतलेली वस्तू कोणत्या कामाला लावली हे पाहिल्याशिवाय ती नक्कल ठरवता येत नाही. मात्र एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. नेम घेणाऱ्यांनी काही जुने देव, जुनी गाणी, जुने विधी मागे टाकले, आणि ज्यांनी ते टाकले नाहीत त्यांच्याकडे ‘सुधारलेले’ लोक कमीपणाने पाहू लागण्याचा धोका प्रत्येक अशा पंथात असतो. अभ्यासकाने नेम घेणाऱ्या घरी जावे तसे न घेणाऱ्याच्या घरीही जावे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: हा धर्म नव्हेच, कर्ज आणि जमीन यांचा प्रश्न धर्माचे पांघरूण घेऊन आला. कोरियाचा दाखला इथे दोन्ही बाजूंनी बोलतो. 1916 मध्ये सोतेसान यांनी ज्याची सुरुवात केली त्या वोन बौद्ध पंथाचे पहिले मोठे काम देऊळ नव्हते. अनुयायांनी दारू आणि तंबाखू सोडून वाचवलेले पैसे बचत मंडळात टाकले आणि 1918-19 मध्ये समुद्राला बांध घालून खाजणातून शेतजमीन काढली. संयमाची जमीन झाली, ही गोष्ट अर्थशास्त्राची नाही असे कोण म्हणेल? पण त्या माणसांना बांधावर वर्षभर राबवणारी शिस्त बाजारातून आली नव्हती. 1 मार्च 1919 च्या कोरियन स्वातंत्र्य जाहीरनाम्यावर 33 सह्या होत्या. त्यांतल्या 15 छोन्दोग्यो पंथीयांच्या होत्या. तिथे धर्म आणि राजकारण यांची फाळणी करायला गेले तर दोन्ही हातांत अर्धवट काहीतरी उरते. खानदेशातही 1970 च्या दशकाच्या आरंभी, मोरवडच्या शेजारच्या शहादा तालुक्यात, अंबरसिंग सुरतवंती यांच्याभोवती भजनी मंडळे जमली, मग जमिनीचे आणि मजुरीचे लढे उभे राहिले, 1972 मध्ये श्रमिक संघटना निघाली, आणि आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. 1938 च्या आरतीला आईच्या कडेवर आलेले मूल तेव्हा पस्तिशीत होते. यावरून मोरवड ते शहादा असा सरळ धागा ओढणे घाईचे होईल. तो धागा घराघरांत विचारून सिद्ध करावा लागेल. पण प्रश्न विचारायचाच नाही, कारण पहिले ‘धर्म’ आणि दुसरे ‘चळवळ’ या वेगवेगळ्या कपाटांत आहेत, ही अभ्यासाची शिस्त नव्हे, सोय आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पोलिसांचा संशय नेहमी खोटा असतो का? कोरियातच 1937 मध्ये बेक्बेक्ग्यो या गुप्त पंथाचा भांडाफोड झाला तेव्हा पंथाच्या म्होरक्यांनी तीनशेहून अधिक अनुयायांचे खून केल्याचे उघड झाले. श्रद्धेच्या नावाने माणसे लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले, प्रेते जंगलात पुरली गेली. अशा पंथाबद्दल सहानुभूतीने लिहा असे मी म्हणत नाही. उलट नेमांपासून सुरुवात करण्याचा फायदा इथेच दिसतो. चमत्कार दोन्हीकडे सांगितले जातात, देव दोन्हीकडे अंगात येतो किंवा स्वप्नात दिसतो. त्यावरून चांगल्या-वाइटाची पारख होत नाही. नेम कोणाच्या हिताचे आहेत, वाचलेला पैसा कुठे जातो, पंथ सोडणाऱ्याचे काय होते, बाई एकटी तिथे निर्धास्त राहू शकते का, हे प्रश्न विचारले की बेक्बेक्ग्यो आणि वोन पंथ एका ओळीत उभे राहूच शकत नाहीत. ‘सदृश धर्म’ या एकाच शिक्क्याखाली दोघांना कोंबल्याने सज्जन पंथ बदनाम झाले आणि दुर्जन पंथाला गर्दीत लपायला जागा मिळाली.

उरतो तो सामग्रीचा प्रश्न. इतक्या वर्षांनी आता काय सापडणार? डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात 1922 च्या ‘देवी’च्या चळवळीचा मागोवा घेतला. पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली ही देवी डोंगर चढून डांग, सुरगाण्यामार्गे सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत पोचली आणि दारू सोडा, दारूवाल्या पारशांकडे कामाला जाऊ नका, असे सांगत गेली. साठ वर्षांनंतर म्हाताऱ्या माणसांना भेटून आणि सरकारी दप्तर शेजारी ठेवून हे काम झाले. स्टीफन फुक्स यांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात भारतभरच्या अशा आदिवासी पंथांची मांडणी केली, त्यामुळे तुलनेचा आराखडाही हाताशी आहे. मोरवडच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहणारे आता जवळजवळ उरले नाहीत, पण पंथ संपलेला नाही. ‘आप की जय’ म्हणणारी घरे आजही आहेत. जळगावला 1990 पासून विद्यापीठ आहे, धुळ्याला राजवाडे मंडळ आहे, आणि भिल्ली बोलणारी, एम.ए. झालेली मुले-मुली दोन्ही ठिकाणांपासून एका एस.टी.च्या अंतरावर आहेत. हे काम त्यांनीच हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण आरतीतला एखादा भिल्ली शब्द कोणत्या अर्थाने आला हे त्यांना जितके कळेल तितके दुभाषा घेऊन गेलेल्या माणसाला कळणार नाही.

शहादा, तळोदा, अक्कलकुवा, शिरपूर किंवा चोपड्याकडच्या ज्या वाचकांच्या घरी जुन्या आरतीची वही, महाराजांचा फोटो, एखाद्या मेळ्याचे पत्रक किंवा नुसती आजीच्या तोंडची चार कडवी असतील, त्यांनी ती आधी जशीच्या तशी, तिच्याच बोलीत, उतरवून ठेवावीत. मराठीत सुधारून नव्हे. कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, हे त्याखाली लिहावे. आणि आजीला एवढे जरूर विचारावे, की तिच्या आईला घरात पहिल्यांदा ‘आप’ कोण म्हणाले होते.